कोऱ्या कागदाला बाण नाही

कपडे शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं की डोळे त्या कामाचे होऊन जातात. मग ते घरी आणले तरी घरचे होत नाहीत. चेकर आजीचं तसंच झालं होतं.

तिचं काम खोट शोधायचं. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरपासून सुरुवात करायची, उजवा खांदा, उजवी बाही, बगल, खालची दुमड, मग डावीकडून पुन्हा वर. एका शर्टाला चाळीस सेकंद. टाका सुटलेला असेल, काज तिरकं असेल, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असेल, तर तिथे नखाएवढा लाल बाणाचा स्टिकर लावायचा आणि शर्ट दुरुस्तीच्या टोपलीत टाकायचा. ज्याचं काही होण्यासारखंच नसेल त्याला बाण लावत नसत. तो सरळ चिंध्यांच्या पोत्यात जायचा. म्हणून त्या खात्यातल्या बायका म्हणायच्या, बाण लागला म्हणजे जीव वाचला.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? कुणी घड्याळ मागायचं, कुणी पंखा. आजीने स्टिकरची दोन रिळं मागितली. साहेब हसले, आणि तीन दिली.

घरी आल्यावर मात्र हातांचं काय करायचं तेच तिला कळेना. सकाळची कामं नऊला संपत आणि नऊपासून बोटं वळवळायला लागत. पडद्यांच्या दुमडी बघून झाल्या, उशांचे अभ्रे बघून झाले. शेजारीण नवा कपडा घालून तिच्याकडे यायची बंद झाली. एका लग्नात तिने नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही उलटून पाहिली होती, तेही फोटो काढायच्या वेळी. मुलगा बसचालक होता, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, आईला आरशासमोर उभं केलं तर ती आरशालाच चार बाण लावील.

घरात पाच वर्षांची नात होती. खरं नाव बालवाडीच्या वहीत. घरी आणि गल्लीत ती भिंगरी. बोलताबोलता स्वतःभोवती गिरक्या घ्यायची आणि हाताला लागेल ते खाली पाडायची. आईबाप कामाला, म्हणून दुपारी तिला बालवाडीतून आणायचं, जेवू घालायचं आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचं काम आजीकडे आलं. आजीला वाटलं, चला, हातांना काम मिळालं.

भिंगरी चित्रं काढायची. कागदावर, पाकिटांवर, औषधांच्या खोक्यांच्या आतल्या बाजूला. तिच्या घोड्याला पाच पाय असत, कारण एक पाय दमल्यावर वापरायचा. तिच्या घराचं दार छपरावर असे, कारण खाली असलं की कुणीही आत येतं. बापाच्या बसला मागेही डोळे होते, म्हणजे सुटलेली माणसं दिसतात. हे सगळं ती आजीला सांगायची, पण आजीचं ऐकण्याकडे लक्ष नसायचं. तिचे डोळे कागदाच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे निघालेले असायचे.

एके दुपारी तिने पाच पायांचा घोडा टेबलावर पसरला, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि तीन बाण लावले. एक पाचव्या पायाला, एक मानेतून निघालेल्या शेपटीला आणि एक, जिथे कान असायला हवा होता तिथे.

भिंगरी हरखून गेली. लाल, चकचकीत, आणि तिच्याच घोड्याला.

आजीने नीट समजावून सांगितलं. एवढ्या तीन चुका सुधारल्या की घोडा पास. पोरीने दुसरा घोडा काढला. त्याला चारच पाय होते. बाण एक. तिसऱ्या घोड्याला बाण नव्हताच. आजीने तिला मांडीवर घेऊन गालाचा मुका घेतला.

यात आजीचं पाप नव्हतं. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, सुधारण्याच्या आणि टाकून द्यायच्या, आणि नात पहिल्या टोपलीत होती. ती शेजारणीला अभिमानाने सांगायची, पोरगी अकरा बाणांवर होती, महिन्याभरात दोनावर आणली. सुनेने एकदा विचारलं, हे कसले स्टिकर? तर दोघी म्हणाल्या, आमचा खेळ आहे.

मग भिंगरी विचारायला लागली. आजी, इथे काढू? आजी, हा रंग चालेल? खडू कागदाला टेकायच्या आधी ती मान वर करून बघायची. आजीला बरं वाटलं. विचारून काम करणारा कारागीर माल वाया घालवत नाही, हे तिने एकतीस वर्षं पाहिलं होतं. घरात वस्तू पडायच्याही कमी झाल्या. कप फुटला नाही त्याला किती दिवस झाले, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका सोमवारी पोरीला आणायला गेल्यावर बालवाडीच्या ताईंनी आजीला थांबवून घेतलं. ताई सडपातळ, बोलायला हळू, केसांच्या टोकाला कायम कसला तरी रंग लागलेला. त्यांनी आजीला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि भिंगरीची फाइल पुढे ठेवली.

पहिली पानं आजीच्या ओळखीची होती. बसचे डोळे, छपरावरचं दार. मग चित्रं लहान व्हायला लागली. घर कागदाच्या मध्यावरून कोपऱ्यात सरकलं. माणसं काडीएवढी झाली, मग मुंगीएवढी. आणि शेवटची नऊ पानं कोरी होती. प्रत्येकावर ताईंनी तारीख घातलेली.

तीन आठवडे झाले, ताई म्हणाल्या. कागद घेते, हात मांडीवर ठेवून बसते, वेळ संपला की आणून देते. माती दिली तर एक गोळा करते, तोही गुळगुळीत, आणि वाट बघते. रडत नाही, भांडत नाही. मी विचारलं, काही सुचत नाही का गं? तर म्हणाली...

ताईंनी शेवटचं कोरं पान आजीपुढे सरकवलं.

"म्हणाली, याला एकपण बाण लागणार नाही. मला काही समजलं नाही, आजी. कसला बाण? तुम्हाला काही माहीत आहे?"

आजीला समजलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की लहान पोरं काहीही बोलतात. आणि ती उठली. घाईत ती बुटकी खुर्चीही तिच्याबरोबर उठली आणि मागे आपटली.

घरी जाताना भिंगरी हात धरून सरळ चालत होती. आजी तिच्याकडे बघत होती. पोरीने शेवटची गिरकी कधी घेतली होती? तिला आठवेना.

त्या संध्याकाळी जेवताना सुनेने विषय काढला. ताईंनी तिलाही फोन केला होता. पण सुनेने त्याचा अर्थ वेगळाच लावला. पोरगी तीन आठवडे कोरे कागद देतेय आणि या बाई त्यावर तारखा घालून फाइलला लावतायत, हे कसलं शिकवणं? मुलानेही री ओढली. त्याच्या डेपोतल्या मुकादमाची नात दुसऱ्या शाळेत जायची. तिथे पोरं पहिल्या महिन्यात रेषेच्या आत रंग भरायला शिकतात म्हणे. तो तिथला अर्जही घेऊन आला होता. शुक्रवारी भरायचा.

आजीचा घास तोंडातच फिरत राहिला. अर्ज भाकरीच्या टोपलीशेजारी पडला होता. आता बोलायला हवं, हे तिला कळत होतं. ती उठून पाणी आणायला गेली. पाणी आधीच टेबलावर होतं.

मंगळवारी तिने तिला येत होतं ते केलं. खोट झाली की ती काढायची. भिंगरी दुपारी झोपल्यावर तिने जुनी चित्रं बाहेर काढली आणि एकेक बाण उचकटायला घेतला. कापडावरून हा स्टिकर अलगद निघतो, मागमूस राहत नाही. हजारो वेळा तिने तो काढला होता. पण हा कागद होता. नखाने टोक उचललं आणि बाणाबरोबर कागदाची सालच निघून आली. घोड्याचा पाचवा पाय त्या सालीबरोबर गेला. तिने दुसरा काढला, जरा सावकाश. छपरावरचं दार गेलं. तिसरा तिने पाण्याचं बोट लावून काढला, तर तिथे भोकच पडलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण हात सुरू झाला की टोपली संपेपर्यंत थांबत नाही, ही त्या खात्याची सवय. अर्ध्या तासात टेबलावर चाळणी झालेल्या चित्रांचा ढीग होता, आणि दारात भिंगरी उभी होती.

ती जवळ आली. घोडा उचलून तिने भोकातून एक बोट बाहेर काढलं, आत घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तो पाय चुकीचाच होता."

मोठ्या माणसासारखी म्हणाली ती. आणि घोडा पुन्हा ढिगावर नीट, कडेला कड लावून ठेवला.

आजीला बसवेना, उभं राहवेना. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. खाली जाऊन आली, वर आली, काय आणायला गेली होती ते विसरली. बुधवारी दिवसभर तिचं असंच चाललं. कढईत तेल घालून गॅस लावायला विसरली, मग लावला तर विझवायला विसरली. शेजारणीने विचारलं, बरं नाही का वाटत? आजीने तिच्या बाहीचा सुटलेला धागा पाहिला आणि पहिल्यांदाच तो सांगितला नाही.

संध्याकाळी सून दवाखान्यातल्या कामावरून आली आणि वाळलेले कपडे घड्या करायला बसली. आजी तिच्यासमोर जाऊन बसली, एक टॉवेल घेतला, घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"तो अर्ज भरू नकोस," ती म्हणाली. "ताईंचं काही चुकलेलं नाही. मी केलंय ते."

आणि मग तिने सगळं सांगितलं. बाण, अकरावरून दोन, कोरी नऊ पानं, चाळणी झालेला घोडा. सून ऐकत होती. तिचे हात मात्र घड्या घालत राहिले. आजीला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली तर बरंच होईल.

सून ओरडली नाही. ती म्हणाली, "आई, लग्नानंतर पहिली दोन वर्षं माझ्या बाबतीत तुम्ही तेच केलंत. फक्त स्टिकर नव्हते."

आजीने टॉवेल खाली ठेवला. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? त्यालाही बाण लागला असता." सुनेच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, आणि गेलं. "मी मोठी होते, आई. माझं काही अडलं नाही, मी तुमच्या मागे माझ्या मनासारखा स्वयंपाक करायचे. ही पाच वर्षांची आहे. हिला अजून चोरून करता येत नाही."

मग तिने अर्ज उचलला, आठ घड्या करून कपाटाच्या तुटक्या पायाखाली सरकवला. नवऱ्याला मी सांगते, म्हणाली. पण ताईंना तुम्ही सांगायचं. ते मी सांगणार नाही.

गुरुवारी आजी शाळा सुटायच्या दोन तास आधीच जाऊन फाटकाशी उभी राहिली. ताईंनी तिला आत घेतलं. आजीने सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. तिला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या आजी, तुम्ही प्रेमानेच केलंत. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"आज इथेच बसा," त्या म्हणाल्या. "तिच्या टेबलावर. पण एक अट आहे. चूक दाखवायची नाही, आणि छान आहे असंही म्हणायचं नाही. छान म्हटलं की ती त्याचीच वाट बघायला लागेल. मधलं काहीतरी करा."

मधलं म्हणजे काय, हे आजीने विचारलं. ताई म्हणाल्या, तुम्हीही एक काहीतरी बनवा.

टेबलावर सहा मुलं होती आणि मध्ये एक खोकं. पुठ्ठ्याचे तुकडे, चिंध्या, झाकणं, काड्या, बटणं, एक बिनचाकाची गाडी, डिंकाच्या दोन बाटल्या. आजी बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसली. समोर भिंगरी, हात मांडीवर, पुढ्यात कोरा पुठ्ठा. आजी आली याचा तिला आनंद झाला की भीती वाटली, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

आजीने एक चिंधी उचलली, खाली ठेवली. काडी उचलली. नमुना कुठे आहे? माप काय? तिने ताईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्या टेबलावर कुणाचं तरी नाक पुसत होत्या. आजीच्या कपाळावर घाम आला. लाखांनी शर्ट तिच्या हाताखालून गेले होते, पण त्यातला एकही तिने शिवला नव्हता. आयुष्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने बनवलेली वस्तू कोणती? स्वयंपाक सोडला तर एकही नाही. दुसऱ्याने केलेलं तिच्यापुढे यायचं आणि मग तिचं काम सुरू व्हायचं.

"आजी, तुम्हाला येत नाही का?" शेजारच्या दातपडक्या मुलीने विचारलं.

"नाही येत," आजी म्हणाली.

"मग डिंक लावा आधी. डिंक लावला की येतं."

आजीने डिंक लावला. फार लावला. पुठ्ठ्यावर चिंधी चिकटवली ती बोटाला चिकटली, बोटाची सोडवली तर मनगटाला. झाकण उभं करायला गेली, ते कलंडलं. मुलं हसायला लागली, दातपडकी सगळ्यात मोठ्याने. काड्या घसरल्या. आजीच्या हातात जे तयार झालं होतं त्याला वर नव्हतं, खाली नव्हतं. काय झालं होतं ते तिचं तिला सांगता आलं नसतं. तिचे डोळे सवयीने त्याच्या उजव्या कोपऱ्यातून निघाले आणि कुठे थांबावं हेच त्यांना कळेना. कारखान्यात असतं तर सरळ पोत्यात गेलं असतं.

"ते पडणार," भिंगरी म्हणाली.

आजीने झाकण पुन्हा उभं केलं. ते पुन्हा कलंडलं.

"ते पडणार, आजी. त्याला खाली काहीतरी पाहिजे."

आजीने ओठ दातांत धरले होते. भिंगरी खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली आणि ते दोन्ही हातांनी धरलं. मग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खोक्यात चाचपडत बिनचाकाची गाडी काढली, खाली सारली. तरी ते डुलत होतं. तिने एक काडी खुपसली. आणखी एक. मग एक मोठं निळं बटण घेतलं, डिंकात बुडवलं आणि हात हवेत थांबला.

"इथे लावू?"

आजीने ताईंकडे पाहिलं. ताई पाठमोऱ्या होत्या. आजीच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं: तिथे नको, जरा डावीकडे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. बटणावरून डिंकाचा थेंब सुटला आणि आजीच्या मांडीवर पडला. पोर वाट बघत होती. आजीला वाटलं, आता हिचा हात खाली येणार. आता येणार.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

भिंगरीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, ही खरं बोलतेय की नाही ते ताडत असल्यासारखं. मग तिने ती सगळी वस्तू उलटी केली, काड्या निखळल्या तरी, आणि बटण तळाला लावलं. तिथे ते कुणाला दिसणारच नव्हतं.

शाळा सुटली तेव्हा वस्तू अर्धी राहिली होती. ताईंनी ती पिशवीत घालून दिली. रस्त्यात भिंगरीने पिशवी स्वतःच धरली, आजीला धरू दिली नाही. एकदा थांबून एक सपाट दगड उचलला, एकदा कुणाच्या तरी दारातलं रिकामं खोकं.

घरात आल्यावर तिने पिशवी पोटाशी धरली आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"तू आत यायचं नाहीस," ती म्हणाली. "बघायचं पण नाही."

"आणि झाल्यावर?"

भिंगरीने विचार केला. "झाल्यावर पण नाही. मी सांगेन तेव्हा."

दार लागलं. आजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग फाडल्याचा. काय फाडलं असेल? पडदा तर नव्हे? ती उठली. बसली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, आणि ते सगळ्यात अवघड होतं. पोर पुन्हा हात मांडीवर ठेवून बसली की काय? आजी दारापर्यंत गेली, कान लावला, तिथून परत आली, टेबलावरचं कापड सारखं केलं, बिघडवलं.

सून आली तेव्हा आजी खोलीच्या मधोमध उभी होती.

"काय करतेय ती?"

"मला बघायची बंदी आहे."

सुनेने दाराकडे पाहिलं, मग सासूकडे. "मला पण?"

"ते तूच विचार तिला."

सून विचारायला वळली तेवढ्यात आत काहीतरी मोठं पडलं, काचेचं असावं, आणि पाठोपाठ काहीतरी फरशीवरून घरंगळत गेलं. दोघी एकदमच पुढे झाल्या. आजीचा हात कडीवर गेला. आतून भिंगरीचा आवाज आला, धापा टाकत, स्वतःशीच कुणाला तरी रागावत असल्यासारखा: अरे तू तिकडे कशाला गेलास, तुला इकडे बस म्हटलं होतं ना!

आजीने दार उघडलं नाही. हातही काढून घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, कडी मुठीत धरून.